अकरा स्क्रू

सोलापुरात त्रेचाळीस होतं त्या आठवड्यात.
विडी घरकुलात पत्र्याखाली माणसं
दुपारी डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसतात.
गिटारला कुणी फडकं दिलं नाही. चूक माझी.
कपाटावर उभी ठेवली, पत्र्यापासून हातभर खाली,
आणि तिच्या छातीवरचं पांढरं पिकगार्ड
शेवटच्या दोन स्क्रूंच्या मधोमध
उचललं गेलं,
तव्यावरच्या भाकरीचा पदर सुटावा तसं.

वाजवायला घेतली की पिक त्या फटीत अडकायची.
खालची तार पिकअपला घासून
सर्दी झाल्यासारखी बोलायची.

मी स्क्रू आवळला.
आणखी अर्धा फेरा.
चट्ट.
केसाएवढी चीर, कडेपासून भोकापर्यंत.

नाना दारात विडी न पेटवता उभे होते
(डॉक्टरने बंद केल्यापासून नुसती धरतात).
"काय करलालास बे?"
एकतीस वर्षं पॉवरलूमवर जॉबरकी केलेला माणूस,
गिटारला अजून 'ते तारांचं' म्हणतो.
वाकून बोटाने कड चाचपली,
म्हणाले, "आटलंय."
"प्लास्टिक आहे, नाना."
"मग? कापड आटतंय, माणूस आटतंय.
आटलेल्याला ओढलं की फाटतंय.
काढ सगळं."

सगळं काढलं. सहा तारा, अकरा स्क्रू.
स्क्रू आईच्या सुपात, तंबाखूच्या चुऱ्यात.
पिकगार्ड उलटं केलं तर वायरींचं आतडं,
एक लाल वायर सोल्डर सोडून लोंबकळणारी,
आणि खाली लाकूड:
मी ज्याला इतके दिवस निळा समजत होतो
त्याच्या आतला खरा निळा,
बनियनखालच्या नानांच्या पाठीसारखा,
उन्हाने न पाहिलेला.
तिथे पेन्सिलीने: हत्तरकी. गड्डा. दुसरा शो.
ज्यांच्याकडून घेतली त्या बसवराज हत्तरकींचं
आता सात रस्त्याला चष्म्याचं दुकान आहे.
त्यांना हे सांगायचं का, अजून ठरलेलं नाही.

परातीत पाणी. किती गरम?
"बोट एक मोजेपर्यंत टिकलं पाहिजे.
दोनला ओढून घ्यायचं."
वायरी, बटणं, सगळं सोडवून पिकगार्ड बुडवलं.
खाली शहाबादी फरशी, वर चादरीचा तुकडा,
मोराच्या नक्षीचा, डाग पडून विकायचा राहिलेला,
त्यावर दुसरी फरशी.
मग नाना कॉटखाली शिरले.

माग भंगारात गेले, किलोच्या भावाने,
तेव्हा बीमची दोन बिडाची वजनं
त्यांनी तिथे सरकवून ठेवली होती
आईला न सांगता.
आईला माहीत होतं.

मी एकदम ठेवायला गेलो तर हात धरला:
"नेम्मदी."
घरात आम्ही तेलुगू
फक्त जेवताना बोलतो, आणि चुकल्यावर.

रात्रभर बसलं. सकाळी सपाट. जवळजवळ.
पण भोकं जुळेनात.
प्लास्टिक अर्धं सूत मागे सरलेलं
आणि लाकूड होतं तिथेच.
मी पुन्हा ओढायला लागलो.
"जुनं बुजव की. नवं पाड."
काडीपेटीतल्या काड्या, फेव्हिकॉल,
दुपारपर्यंत वाट,
मग शेजारच्या इरफानचं बारीक ड्रिल.
अकरापैकी सात भोकं नवी झाली.
चीर तशीच आहे, मागून ग्लूचा एक थेंब.

संध्याकाळी लाइट नव्हती.
ॲम्पशिवाय वाजवली,
आमच्या खोलीला पुरेल एवढाच आवाज.
खालची तार स्वच्छ.
आई विड्या वळता वळता म्हणाली, "परत तेच."
मी परत तेच वाजवलं.
एक कोपरा अजून नखभर वर आहे,
अंगठ्याला अंधारातही सापडतो.

फरशीवर वजनं अजून आहेत. खाली काही नाही.
उचलू का विचारलं तर नाना म्हणतात,
"राहू दे.
मे संपायचाय अजून."